दोन कॉलिंगवूड: एक ट्रफाल्गरचा अ‍ॅडमिरल, एक ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ. एकाच घरातले का?

कुळागरातली (फोंडा)

नमस्कार सगळ्यांना. मी एम.ए. मराठीला आहे. साहित्यशास्त्राच्या पेपरला क्रोचेच्या मागोमाग आर. जी. कॉलिंगवूड येतो, तोच, कला वेगळी आणि कारागिरी वेगळी असं म्हणणारा, म्हणजे सुताराला टेबल कसं होणार ते आधीच ठाऊक असतं पण कवीला आपल्याला नक्की काय वाटतंय ते कविता होईपर्यंत कळलेलंच नसतं. मला तो फार पटायला लागलाय. तर वास्कोहून मामा आले होते, ते नेव्हीतून रिटायर झालेत, त्यांनी माझ्या वहीवर नाव बघितलं आणि म्हणाले अगो हा तर ट्रफाल्गरचा कॉलिंगवूड, नेल्सनचा जोडीदार, तुमच्या मराठीच्या पेपरात कसा काय आला?

मग बघितलं तर ट्रफाल्गर म्हणजे १८०५ ची सागरी लढाई, नेल्सनच्या ब्रिटिश आरमाराने फ्रेंच आणि स्पॅनिशांना हरवलं ती, आणि तिथला अ‍ॅडमिरल कुथबर्ट कॉलिंगवूड १७४८ चा आणि तत्त्वज्ञ रॉबिन जॉर्ज कॉलिंगवूड १८८९ चा. माणसं दोन, मध्ये जवळजवळ दीडशे वर्षं. पण दोघेही इंग्लंडच्या उत्तरेकडचेच दिसतात, म्हणून विचारते की घराणं एक आहे का, पणतू खापरपणतू असं काही? आणि दुसरं म्हणजे तत्त्वज्ञ कॉलिंगवूडचा आरमाराशी काही संबंध आला का? डिपार्टमेंटच्या भित्तिपत्रकासाठी एक टिपण लिहायचंय आणि आडनाव एक म्हणून नातं एक असं डोळे झाकून लिहायचं नाहीये. कोणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा. देव बरें करूं.

दर्यावर्दी_वास्को

बाय, मामांना माझा नमस्कार सांग, त्यांनी नाव ऐकताच ट्रफाल्गर म्हटलं म्हणजे माणूस अस्सल नेव्हीवाला. अ‍ॅडमिरलचं मी सांगतो, तत्त्वज्ञानाचं इथे दुसरं कोणीतरी सांगेल.

थेट वंशज असायचा प्रश्नच येत नाही. कुथबर्ट कॉलिंगवूडला दोन मुलीच, सारा आणि मेरी पेशन्स, मुलगा नाही. ट्रफाल्गरनंतर त्याला बॅरन केलं पण पुढे चालवायला मुलगा नव्हता म्हणून तो किताब त्याच्याबरोबरच संपला. तेव्हा बापाकडून मुलाकडे असं आडनाव अ‍ॅडमिरलपासून तत्त्वज्ञापर्यंत खाली आलेलं असूच शकत नाही. लांबच्या चुलत शाखेचं कोणी म्हणत असेल तर त्याने कागद दाखवावा, नुसतं नाव पुरत नाही.

आता माणसाबद्दल थोडं, कारण नेल्सनच्या सावलीत हा कायम झाकला जातो आणि मला त्याचं वाईट वाटतं. न्यूकॅसलचा व्यापाऱ्याचा मुलगा, बारा तेरा वर्षांचा असताना जहाजावर चढला तो आयुष्यभर समुद्रावरच. १७७५ ला अमेरिकेत बंकर हिलच्या लढाईत होता, तिथे लेफ्टनंट झाला, मग वेस्ट इंडीजमध्ये नेल्सनशी घट्ट मैत्री, १७९७ ला केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत ‘एक्सलंट’ जहाजाचा कप्तान. आणि मग २१ ऑक्टोबर १८०५. ब्रिटिशांची २७ मोठी जहाजं, समोर फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. नेल्सनने आपलं आरमार दोन रांगांत केलं, एक स्वतःकडे ‘व्हिक्टरी’वर आणि दुसरी कॉलिंगवूडकडे ‘रॉयल सॉव्हरिन’वर. या ‘रॉयल सॉव्हरिन’च्या बुडाला नुकताच नवीन तांब्याचा पत्रा मारलेला, त्यामुळे वारा अगदी मंद असूनही ते बाकीच्यांना मागे टाकून सुसाट पुढे गेलं आणि शत्रूची रांग सगळ्यात आधी तोडली ती कॉलिंगवूडने, ‘सांता आना’ या स्पॅनिश फ्लॅगशिपच्या मागून घुसून. मागची जहाजं येईपर्यंत बराच वेळ एकटा मार खात आणि मार देत उभा होता. नेल्सन ते बघून म्हणाला होता की बघा तो उमदा गडी जहाज कसं लढाईत नेतोय.

संध्याकाळी नेल्सन गेला आणि सगळं आरमार कॉलिंगवूडच्या गळ्यात पडलं. त्याच्या स्वतःच्या जहाजाच्या डोलकाठ्या मोडलेल्या, त्याला ‘युरिअलस’ या लहान फ्रिगेटवर जाऊन तिथून हुकूम द्यावे लागले. विजयाची बातमी लंडनला पोचली ती त्यानेच लिहिलेल्या खलित्यातून, ‘पिकल’ नावाचं छोटंसं जहाज तो खलिता घेऊन गेलं. जखमी स्पॅनिश कैद्यांना त्याने कादिझला परत पाठवलं, शत्रूच्या गव्हर्नरशी पत्रव्यवहार करून. पुढे भूमध्य समुद्राची कमांड त्याच्याकडेच राहिली, सुट्टी मागूनसुद्धा घरी जायला मिळालं नाही, आणि ७ मार्च १८१० ला मिनोर्काजवळ जहाजावरच वारला. बायको मुलींची तोंडं शेवटची बघितली ती ट्रफाल्गरच्याही आधी. आपल्यातले जे वर्षानुवर्षं बोटीवर काढतात त्यांना हे वेगळं समजवायला नको.

सुट्टीवर घरी असला की खिशात ओकच्या बिया ठेवायचा आणि फिरताना जिथे जागा दिसेल तिथे टाकायचा, कारण पुढच्या पिढीच्या जहाजांना लाकूड लागणार. असा माणूस.

मांडवीकाठ (पणजी)

दर्यावर्दींनी अ‍ॅडमिरलचं छान सांगितलंय, मी दुसऱ्या कॉलिंगवूडचं सांगते. पुष्कळ वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंय आणि हा माझा अतिशय जवळचा माणूस आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

बाय, तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. आरमाराशी संबंध आला, आणि तोही असा की त्याच्या सगळ्या तत्त्वज्ञानाची कळ तिथे फिरली. पहिल्या महायुद्धात ऑक्सफर्डची मास्तरकी तात्पुरती बाजूला ठेवून तो लंडनला आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात कामाला लागला. ऑफिस होतं रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या इमारतीत, आणि रोज तिथे चालत जाताना वाटेत अल्बर्ट मेमोरियल लागायचं, व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचं ते भलंमोठं नक्षीदार स्मारक. कॉलिंगवूडला ते इतकं कुरूप वाटायचं की त्याच्याकडे बघवायचं नाही. पण रोज रोज तेच समोर म्हटल्यावर तो विचार करायला लागला, की स्कॉटसारख्या नावाजलेल्या आर्किटेक्टने असं का केलं असेल? त्याला करायचं काय होतं, आणि जे झालं त्याचा त्याच्याशी संबंध काय? मी यात जे शोधतोय ते त्याला मुळात द्यायचंच नव्हतं असं तर नसेल ना?

यातून त्याचं प्रश्नोत्तराचं तर्कशास्त्र आलं. कोणतंही विधान हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं आणि तो प्रश्न हाती लागल्याशिवाय ते विधान खरं की खोटं हे तर सोडाच, त्याचा अर्थ काय हेसुद्धा सांगता येत नाही. त्यावेळी ऑक्सफर्डमध्ये कुक विल्सन, प्रिचर्ड अशा वास्तववाद्यांचं राज्य होतं, ते कुणाचंही वाक्य उचलायचे आणि त्यातल्या चुका दाखवायचे. कॉलिंगवूडचं म्हणणं, अहो त्या माणसाने कोणता प्रश्न सोडवायला घेतला होता ते आधी शोधा, मग चुका दाखवा. त्याला ब्रिटिश चिद्वाद्यांच्या (मन किंवा विचार हेच मूळ सत्य मानणाऱ्यांच्या) म्हणजे ग्रीन, ब्रॅडली, बोझांक्वे यांच्या मागच्या पिढीत बसवतात, त्याला स्वतःला ती पाटी आवडायची नाही, पण विचारांची घडण त्याच बाजूची होती यात मला शंका नाही.

आणि आता गंमत बघ. १९३९ साली त्याचं आत्मचरित्र बाहेर आलं, त्यात तत्त्वज्ञानाच्या इतिहासाबद्दल बोलताना उदाहरण कुठलं घेतलंय तर ट्रफाल्गरचं! तो म्हणतो की नेल्सनची लढाईची योजना काय होती यावर इतिहासकार वाद घालतात ते फुकट नाही, कारण नेल्सन जिंकला, म्हणजे जे प्रत्यक्ष घडलं त्यावरून त्याने काय योजलं होतं ते मागे जाऊन काढता येतं. पण समोरच्या फ्रेंच सेनापतीची, व्हिलनव्हची योजना काय होती यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तो हरला, योजना पार पडलीच नाही, मग ती काय होती हे कोणालाच कळणार नाही, अंदाजच बांधायचे. पुढे त्याच पुस्तकात परत नेल्सन येतो, ती छातीवरच्या पदकांची गोष्ट. मानाने मिळवली, मानानेच त्यांच्यासह मरेन, असं नेल्सन म्हणाला असं सांगतात (तो खरंच तसं बोलला का याबद्दल वाद आहे). कॉलिंगवूड म्हणतो की हे समजून घेणं म्हणजे बंदुकीच्या टप्प्यात उभं राहून पदकं काढावीत का हा प्रश्न मी माझ्या मनात परत विचारणं. गेलेल्या माणसाचा विचार आपण स्वतः पुन्हा विचारायचा, इतिहास तो हाच, ही त्याची सगळ्यात गाजलेली कल्पना. तो १९४३ ला गेल्यावर तीन वर्षांनी इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरचं त्याचं पुस्तक बाहेर आलं आणि तिथून ती जगभर पसरली.

म्हणजे आरमाराच्या ऑफिसात बसून ज्याला विचार सुचला तो माणूस उदाहरणाला ज्या लढाईकडे वळला ती त्याच्याच आडनावाच्या अ‍ॅडमिरलने शत्रूची रांग सगळ्यात आधी तोडून सुरू केलेली. मला तरी नातं या जागी दिसतं, वंशावळीत नाही.

म्हापशेकार

मांडवीकाठ बाईंनी बोझांक्वेचं नाव घेतलं म्हणून आत येतो. आडनाव एक, एक तत्त्वज्ञ एक अ‍ॅडमिरल, आणि नातं खरोखरचं, असं जर कोणाला हवं असेल तर ते बोझांक्वेंच्या घरात आहे. सख्खे भाऊ!

बर्नार्ड बोझांक्वे, जन्म १८४८, चिद्वादी तत्त्वज्ञ, राज्यसंस्थेच्या तत्त्वज्ञानावर लिहिणारा. त्याचा मोठा भाऊ डे हॉर्ट बोझांक्वे, जन्म १८४३, रॉयल नेव्हीत पोरवयात शिरला आणि अ‍ॅडमिरल झाला. १८९९ ते १९०२ हा ईस्ट इंडीज स्टेशनचा कमांडर इन चीफ होता, म्हणजे आपला हा सगळा हिंदी महासागर त्याच्या अखत्यारीत, गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते पण मुंबईचा किनारा त्याच्याच हद्दीतला. पुढे १९०९ ला साऊथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर. वडील नॉर्थम्बरलंडमधले पाद्री. दोघेही भाऊ १९२३ सालीच गेले. बर्नार्ड म्हणायचा की माणूस सुटा नसतो, समाजाच्या आणि राज्याच्या मोठ्या इच्छेतच त्याची खरी इच्छा पुरी होते, आणि सख्खा भाऊ तिकडे हुकूम दिला की शेकडो माणसं एकदम हलतात अशा जहाजावर आयुष्य काढतोय, या दोघांच्यात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल याचा मी नेहमी विचार करतो.

आणि क्रिकेटवाल्यांनो, गुगली ज्याने शोधली तो पण बर्नार्ड बोझांक्वेच! पण तो वेगळा, १८७७ चा, मिडलसेक्सचा खेळाडू, ऑस्ट्रेलियात त्या बॉलला अजून ‘बोझी’ म्हणतात. हे घराणं मूळचं फ्रान्समधलं प्रोटेस्टंट, तिथे चौदाव्या लुईने १६८५ ला त्यांचे धर्माचे हक्क काढून घेतल्यावर इंग्लंडला पळून आलेलं. असलं परदेशी आणि दुर्मीळ आडनाव असलं की नातं धरून चालायला हरकत नसते. कॉलिंगवूड तसं नाही, उत्तर इंग्लंडमध्ये ते पुष्कळ घरांत आहे. तेव्हा कुळागरातली, टिपणात दोन्ही जोड्या घाल, मजा येईल.

दिवाडकर

वरचं सगळं वाचलं, फार चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. आडनावावर मी बोलतो कारण गोंयकाराला हा विषय रक्तात असायला हवा पण आपण पण विसरतो.

आमच्या जुवार (दिवाडी बेटावर) परेर, डिसोझा, फर्नांडिस घरोघरी. सोळाव्या शतकात बाटवाबाटवी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला जो पाद्री किंवा जो पोर्तुगीज साहेब पादरिन म्हणजे धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याचंच नाव आडनाव नव्या ख्रिश्चनाला मिळायचं. एका दिवसात वाड्यातल्या चार वेगळ्या जातीच्या, वेगळ्या घराण्याच्या माणसांना एकच आडनाव लागलं आणि दोन सख्ख्या भावांना दोन वेगळी लागली असंही झालं. तेव्हा म्हापशाचा डिसोझा आणि मडगावचा डिसोझा पाव्हणे, आणि दोघेही लिस्बनच्या कुठल्या सोझाचे वंशज, असं कोणी म्हणालं तर आपण ऐकून घेत नाही. हिंदूंत तर अर्धी आडनावं गावाची, केरी सोडून गेलेला प्रत्येक जण केरकर, आणि केरी नावाची गावं पण सत्तरीत एक, पेडण्यात एक, फोंड्यात एक. मग इंग्रजांच्या बाबतीत आपण एवढे भोळे का होतो?

बरं, अ‍ॅडमिरलच्या घरातच बघा. दर्यावर्दींनी सांगितलं की मुलगा नव्हता. त्याची मोठी मुलगी सारा, तिचा नवरा जी. एल. न्यूनहॅम. लग्नानंतर या जावयाने कॉलिंगवूड हे नाव आपल्या नावाला जोडून घेतलं, न्यूनहॅम कॉलिंगवूड, आणि सासऱ्याची पत्रं जमवून १८२८ मध्ये छापली त्यानेच. ट्रफाल्गरच्या या माणसाबद्दल आज आपल्याला जे घरगुती माहिती आहे, मुलींनी गणित भूमिती शिकावी म्हणून तो जहाजावरून लिहायचा वगैरे, ते बरंचसं त्या पत्रांतून आलेलं. म्हणजे ज्याच्या अंगात कॉलिंगवूडचं रक्त नाही त्याने नाव घेतलं आणि आठवण राखली. आपल्याकडे घरजावयाने सासऱ्याची जमीन राखावी तसं.

तत्त्वज्ञाच्या घरचं मात्र सगळं सरळ आहे. वडील डब्ल्यू. जी. कॉलिंगवूड, चित्रकार, पुरातत्त्ववाले, रस्किनचे सेक्रेटरी, कॉनिस्टन तळ्याकाठी राहायचे. आजोबा पण चित्रकारच. त्या घरात जहाज होतं ते तळ्यात पोरांनी वल्हवायच्या होडीचं.

कुळागरातली (फोंडा)

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून आता एक नवीनच प्रश्न पडलाय. दर्यावर्दी काका, मी शोधताना वाचलं की मरताना नेल्सन परत परत सांगत होता नांगर टाका, नांगर टाका, आणि कॉलिंगवूडने तो टाकला नाही, मग वादळ आलं आणि पकडलेली बरीचशी जहाजं हातची गेली. काही जण त्याच्यावर यासाठी अजून टीका करतात. तर तत्त्वज्ञ कॉलिंगवूडची पद्धत अ‍ॅडमिरल कॉलिंगवूडला लावून बघितली तर? म्हणजे त्या संध्याकाळी त्याच्यापुढे प्रश्न कोणता होता?

दर्यावर्दी_वास्को

शाब्बास, हा प्रश्न विचारलास म्हणजे टिपण चांगलं होणार.

नेल्सनपुढे प्रश्न होता, वादळ येतंय, ते येण्याआधी माझं आरमार कसं वाचवू. कॉलिंगवूडपुढे तासाभरात तो बदलला. त्याच्याकडे स्वतःची जहाजं अर्धी मोडलेली, काहींचे नांगर आणि नांगराचे दोरखंड गोळ्यांनी तुटलेले, वर शत्रूची पकडलेली जहाजं ज्यांच्यावर आपली मूठभर माणसं आणि खाली शेकडो कैदी, पूर्वेला अगदी जवळ ट्रफाल्गरची उथळ खडकाळ किनारपट्टी आणि वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे ढकलणारा. ज्यांच्याकडे नांगर शाबूत होते त्यांनी टाकला आणि त्यातली काही तरलीही, हे टीकाकार बरोबर सांगतात. पण ज्यांच्याकडे नव्हता त्यांना मोकळ्या समुद्राकडे ओढून नेणं एवढंच हातात होतं, आणि अख्ख्या ताफ्याला एकच हुकूम द्यायचा म्हटलं तर तो कोणाला पेलेल हे बघावं लागतं. किनारा खाली आणि वारा वरून म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, २००० सालच्या पावसाळ्यात रिव्हर प्रिन्सेस कांदोळीच्या वाळूत येऊन बसली ती दहा वर्षांहून जास्त काळ हलली नाही, आणि ते तर इंजिनाच्या जमान्यातलं जहाज.

हिशेब असा की पकडलेल्यांपैकी शेवटी चारच जहाजं जिब्राल्टरला पोचली, बाकीची बुडाली, फुटली, जाळावी लागली, ‘सांता आना’ तर स्पॅनिशांनी परत नेली. पण इतक्या भयंकर वादळात ब्रिटिशांचं स्वतःचं एकही जहाज गेलं नाही. इनामाचा पैसा गेला, माणसं आणि आरमार राहिलं. मी त्याच्या बाजूचा आहे.

म्हापशेकार

दर्यावर्दींशी सहमत. पण मांडवीकाठ बाई, तुमच्या तत्त्वज्ञाशी माझं एका जागी अजिबात पटत नाही. व्हिलनव्हची योजना कोणाला कळणार नाही असं तो कसं म्हणतो? व्हिलनव्हने लढाईच्या कितीतरी आधी आपल्या कप्तानांना लेखी सूचना दिलेल्या आहेत, त्यात त्याने चक्क लिहून ठेवलंय की इंग्रज आपल्याला समांतर रांग करून लढणार नाहीत, ते आपली रांग तोडतील, पिछाडीला घेरतील, आणि तसं झालं तर प्रत्येक कप्तानाने स्वतः होऊन जिथे आग आहे तिथे जायचं. कागद आहे, म्हणजे त्याला काय होणार हे माहीत होतं आणि काय करायचं हेही त्याने ठरवलं होतं, फक्त ते करायला तरबेज माणसं नव्हती, खलाशी महिनोन् महिने बंदरात अडकून पडलेले. हरलेल्या माणसाच्या डोक्यात काय होतं ते कळतं की!

दिवाडकर

म्हापशेकारांना माझा पाठिंबा आणि पुरावा आपल्या झुआरीच्या मुखावरचाच देतो. १८ डिसेंबर १९६१. मुरगाव बंदरात पोर्तुगीजांचं ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ उभं, आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ने तोफा डागल्या, कप्तान जखमी झाला, जहाज शेवटी बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लावलं. (नाव बघा, १५१० ला गोवा जिंकला त्याचंच.) पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण जायचं नाही, लढत राहायचं. गव्हर्नर वासालो इ सिल्व्हाने १९ तारखेला शरणागती पत्करली. योजना पूर्णपणे फसली, तरी ती काय होती हे आपल्याला माहीत आहे, पूल उडवत मागे हटायचं आणि मुरगावकडे गोळा व्हायचं. बाणस्तारीचा पूल उडवलेला बघितलेली माणसं तर आपल्यात आत्ताआत्तापर्यंत होती. हरलेल्या बाजूचा विचार कागदातून, हुकमातून, उडवलेल्या पुलातून कळतो.

मांडवीकाठ (पणजी)

दोघांचंही म्हणणं मला मान्य आहे, आणि हा आक्षेप भक्कम आहे. तरी त्याची बाजू एकदा नीट मांडते, म्हणजे भांडण बरोबर जागी होईल.

तो हे वाक्य लिहितो ते लढायांबद्दल निकाल द्यायला नाही. त्याचा रोख तत्त्वज्ञांच्या जुन्या ग्रंथांवर आहे. समजा लायब्निझचं एक पान पुढे आहे आणि त्याने कोणता प्रश्न घेतला होता हे त्याने वेगळं कुठे सांगितलेलं नाही. मग प्रश्न काढायचा कुठून? त्या पानावरच्या उत्तरावरूनच. आणि उत्तर जर धड जमलेलंच नसेल तर त्यावरून प्रश्न ओळखता येत नाही. जिथे कृती हाच एकमेव पुरावा आहे तिथे फसलेल्या कृतीतून हेतू वाचता येत नाही, एवढं त्याचं म्हणणं, आणि तेवढ्यापुरतं ते मला बरोबर वाटतं. पण उदाहरण त्याने लढाईचं घेतलं, आणि लढाईला हुकूम असतात, पत्रं असतात, वाचलेली माणसं असतात. त्यामुळे म्हापशेकार म्हणतात तसं व्हिलनव्हच्या बाबतीत ते लागू पडत नाही, आणि दिवाडकरांनी उडवलेल्या पुलाचं म्हटलं ते तर मला फारच आवडलं कारण फसलेल्या योजनेतली जी कामं पार पडली त्यांवरून उरलेली योजना जुळवता येते, हे त्याच्याच पद्धतीने त्याला दिलेलं उत्तर आहे.

तो स्वतः नुसता खुर्चीतला तत्त्वज्ञ नव्हता हेही लक्षात घ्या. सुट्ट्या लागल्या की रोमन ब्रिटनच्या उत्खननावर, हेड्रियनच्या भिंतीवर, शेकडो रोमन शिलालेखांची त्याने स्वतःच्या हाताने चित्रं काढली. खणायचं ते प्रश्न घेऊनच, आज बघू या खाली काय निघतं असं म्हणून नाही, असं तो बजावायचा. आणि समुद्र त्याला सुटला नाही बरं का. तब्येत ढासळल्यावर १९३८-३९ ला डच ईस्ट इंडीजकडे म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडे जहाजाने गेला, जाता येता जहाजावर पुस्तकं लिहिली, आणि परत आल्यावर त्याच उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या पोरांबरोबर शिडाच्या बोटीतून ग्रीसच्या बेटांवर गेला, त्या बोटीवर तो फर्स्ट मेट होता.

बाय, तुला टिपणासाठी सुचवते. आत्मचरित्रातलं पाचवं प्रकरण वाच, प्रश्न आणि उत्तर नावाचं, अल्बर्ट मेमोरियल तिथेच आहे. मग जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये जा, तिथे कदंबकाळातले वीरगळ आहेत ज्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्ही मारणारी माणसं, वर योद्धे. नाव नाही, गाव नाही. त्या दगडापुढे उभी राहून विचार की हा कोणी, कशासाठी, कोणाला दाखवायला उभा केला असेल, आणि कोणत्या उत्तरासाठी आणखी कुठला पुरावा शोधावा लागेल ते लिहून काढ. आडनावावरून नातं शोधण्यापेक्षा भित्तिपत्रकाला ते जास्त शोभेल, आणि परीक्षेतसुद्धा कॉलिंगवूडवर तुझ्याइतकं नेमकं कोणी लिहिणार नाही.

कुळागरातली (फोंडा)

नक्की जाते बाई. म्युझियम शुक्रवारी बंद असतं ना? मग शनिवारी. वीरगळाचे फोटो काढायला देतात की परवानगी लागते हे कोणाला माहीत असेल तर तेवढं सांगा, आणि दर्यावर्दी काका, वल्ह्यांवरून आणि शिडावरून जहाज कुठल्या जातीचं ते तुम्हाला ओळखता येईल का, फोटो इथेच टाकते.

दर्यावर्दी_वास्को

टाक. बाजूने घे, सरळ समोरून नको, उजेड तिरका पडला की कोरीव रेषा उठून दिसतात. सुकाणू मागे आहे की बाजूला ते बघ आधी, आणि डोलकाठी एक की दोन ते मोज.